गोचीड, ताप आणि पाचवा दिवस

गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा ‘स्पॉटेड फीव्हर’, म्हणजे अंगावर लाल ठिपके उठवणारा ताप, हा रिकेट्सिया गटातल्या जिवाणूंचा आजार आहे. भारतात आढळणाऱ्या प्रकाराला ‘इंडियन टिक टायफस’ असे नाव आहे आणि त्याचा जिवाणू रिकेट्सिया कोनोरीचा भारतीय उपप्रकार आहे. डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त आणि कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळीने हा ताप बरा होतो. औषध लवकर सुरू झाले तर दोन-तीन दिवसांत उतारही पडतो. उशीर झाला तर हाच ताप मूत्रपिंड, फुप्फुसे आणि मेंदू यांच्यापर्यंत पोहोचतो, काही मुलांच्या हातापायांची बोटे काळी पडतात आणि काही रुग्ण दगावतात. उपाय हाताशी असताना माणसे दगावावीत, ही गोष्ट कोणत्याही आरोग्यव्यवस्थेने सहन करू नये अशी आहे.

या तापाचा शोध तीन खंडांत जवळपास एकाच काळात लागत गेला. अमेरिकेतल्या मोंटाना प्रांतात बिटररूट नावाच्या खोऱ्यात दर वसंतात लोक ठिपक्यांच्या तापाने मरत. 1906 मध्ये हॉवर्ड रिकेट्स यांनी गिनीपिगवर प्रयोग करून हा ताप गोचीड पसरवते हे सिद्ध केले. चार वर्षांनी टायफसचा अभ्यास करताना मेक्सिको शहरात त्यांना त्याच रोगाने गाठले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. या जिवाणूंच्या अख्ख्या गटाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. 1910 मध्ये ट्युनिस येथे कोनोर यांनी भूमध्य समुद्राकाठच्या तापाचे वर्णन केले. भारतात 1917 साली मेगॉ यांनी कुमाऊंच्या पायथ्याकडे आढळलेल्या अशा तापाची नोंद केली आणि गोचिडीवर संशय घेतला. म्हणजे हा आजार भारतीय वैद्यकाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तरीही तो ‘दुर्मीळ’ या कप्प्यात पडून राहिला. तो शोधलाच गेला नाही, हे त्याचे मोठे कारण आहे. महाराष्ट्रात अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी ठिपक्यांच्या तापाची मुले नेटाने शोधली, तेव्हा ती सापडत गेली. पक्क्या तपासणीची वाट न पाहता लक्षणांना आणि इतर खुणांना गुण देऊन निदानाकडे जाण्याची एक पद्धतही त्यांनी 2011 मध्ये मांडली. जिल्ह्याच्या गावात बसून केलेले हे काम मोलाचे आहे.

हा जिवाणू वाहून आणणारी मुख्य गोचीड म्हणजे कुत्र्यावर आढळणारी तपकिरी गोचीड. भुकेली असताना ती चपटी आणि तिळाएवढी असते. कुत्र्याच्या कानाच्या आत, पंजाच्या बोटांमधल्या बेचक्यात, मानेखालच्या सैल कातडीत ती तोंड रुतवून बसते. रक्त पिऊन मादी फुगली की करडी, गुळगुळीत आणि एरंडाच्या बीसारखी दिसते. एरंडाला वनस्पतिशास्त्रात जे रिसिनस नाव आहे, तो गोचिडीचाच लॅटिन शब्द आहे. फुगलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते आणि वर चढू लागते. भिंतीची भेग, दाराची चौकट, छपराची कड, कुत्र्याच्या खोपटाचा सांधा अशा जागी ती हजाराच्या वर अंडी घालते आणि मरते. अंड्यातून सहा पायांचे पिल्लू निघते, ते पुढे आठ पायांचे होते आणि मग प्रौढ होते. प्रत्येक अवस्थेत एकदाच रक्त, मग पुन्हा खाली आणि पुन्हा भेगेत. घरातल्या बहुतेक गोचिडी कोणत्याही घडीला कुत्र्यावर नसतात, भिंतीत असतात. केवळ कुत्र्याला औषध चोळून त्या संपत नाहीत त्या याच कारणाने.

जिवाणू मादीकडून अंड्यांत आणि एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत उतरत राहतो. गोचीड ही त्याची वाहक तशीच त्याची साठवणही असते. माणूस या साखळीत चुकून येतो. कुत्र्याला कुरवाळणारी, त्याच्याशेजारी ओट्यावर झोपणारी मुले त्यात आधी सापडतात. उन्हाचा पारा चढला की ही गोचीड कुत्र्याऐवजी माणसाकडे अधिक वळते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. चावा दुखत नाही. त्यामुळे ‘गोचीड चावली होती का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले म्हणून हा आजार बाद करता येत नाही.

शरीरात शिरल्यावर रिकेट्सिया रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात ठाण मांडतो. अस्तराच्या पेशी सुजतात आणि फुटतात, बारीक वाहिन्यांतून रक्तातले पाणी झिरपू लागते. पुढची सगळी लक्षणे यातूनच उलगडतात. चाव्यानंतर साधारण दोन दिवस ते दोन आठवडे या काळात एकदम जोराचा ताप येतो, डोके आणि अंग फोडून निघते, मुलांना उलट्या होतात, पोट दुखते. दोन ते पाच दिवसांनी मनगट आणि घोट्यांपाशी फिकट लाल ठिपके दिसू लागतात आणि तिथून हातपाय, धड यांवर पसरतात. सुरुवातीला बोटाने दाबले की ते नाहीसे होतात. पुढे त्यात रक्त उतरते आणि दाबूनही रंग जात नाही. तळहात आणि तळपायांवरचे ठिपके ही या तापाची मोठी खूण आहे. सावळ्या कातडीवर ते सहज दिसत नाहीत. मुलाला खिडकीच्या उजेडात नेऊन, मोजे काढून तळपाय बघण्याला अर्धे मिनिट पुरते, आणि ते अर्धे मिनिट महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जाते. भूमध्य समुद्राकाठच्या रुग्णांत चाव्याच्या जागी काळी खपली हमखास शोधली जाते. भारतीय प्रकारात ती पुष्कळदा नसते.

घोटाळा होतो तो पुढे. पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप, अंगदुखी आणि प्लेटलेट कमी असा रिपोर्ट आला की डेंग्यूचे लेबल लागते. डेंग्यूची चाचणी नकारात्मक आली की टायफॉइड समजून सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शने सुरू होतात. रिकेट्सिया पेशीच्या आत राहतो, त्याच्यावर ही इंजेक्शने काहीही करत नाहीत. सल्फा गटातल्या औषधांनी तर आजार बळावू शकतो. नेहमीच्या कल्चरमध्ये हा जिवाणू वाढत नाही. बहुतेक गावांत मिळणारी एकमेव तपासणी म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची वाइल-फेलिक्स. ती प्रतिपिंडे मोजते आणि प्रतिपिंडे दुसऱ्या आठवड्यात तयार होतात. तिसऱ्या दिवशी केलेली तपासणी नकारात्मक आली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. निदान पक्के होईपर्यंत थांबणे म्हणजे पाचवा दिवस हातचा घालवणे, आणि अमेरिकेतल्या तशाच तापाचा अनुभव सांगतो की पाचव्या दिवसानंतर औषध सुरू झाले की मृत्यूचा धोका चढत जातो. प्रतिजैविके नव्हती तेव्हा तिथे या तापाचे दर चार-पाच रुग्णांमागे एक दगावत असे.

म्हणूनच संशय आला की औषध सुरू करायचे, रिपोर्टसाठी थांबायचे नाही, हा नियम आहे. आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन देताना अनेक डॉक्टरांचा हात आजही आखडतो, कारण टेट्रासायक्लिनने दात पिवळे पडतात हे शिक्षण पक्के बसलेले आहे. जुन्या टेट्रासायक्लिनच्या बाबतीत ती भीती खरी होती. डॉक्सिसायक्लिनचा छोटा कोर्स घेतलेल्या मुलांच्या दातांची नंतर मुद्दाम तपासणी झाली, तेव्हा असे डाग आढळले नाहीत. दातांच्या काळजीपोटी बोटे गमावण्याची वेळ एकाही मुलावर येऊ नये.

जनावरांच्या बाजूने पाहिले की मराठीतला एक शब्द गोंधळ वाढवतो. ‘गोचीड ताप’ हे नाव गोठ्यात आणि पशुवैद्यकाकडे रोजचे आहे, पण तिथे ते वेगळ्याच आजारांना लावले जाते. संकरित गाईंना होणारा थायलेरिया, लघवी लाल करणारा बबेसिया, कुत्र्यांचा एर्लिकिया हे सगळे त्यात मोडतात. या प्रत्येकाचा रोगकारक निराळा. रिकेट्सिया कोनोरीने कुत्रा बहुधा आजारी दिसतही नाही. अमेरिकेतल्या तापाचा जिवाणू असलेल्या रिकेट्सिया रिकेट्सीने मात्र कुत्र्यांनाही ताप येतो, सांधे दुखतात, डोळ्यांत रक्त उतरते, आणि कधी कधी घरातल्या माणसाआधी कुत्राच आजारी पडून इशारा देतो. एर्लिकियाच्या कुत्र्याला पशुवैद्यक डॉक्सिसायक्लिनच देतात. त्याच घरातल्या तापलेल्या मुलाला ज्या औषधाची गरज असू शकते, ते औषध अंगणातल्या कुत्र्याला आधी मिळते. दोन दवाखान्यांत बोलणे नसल्याची ही किंमत आहे. कुत्र्यांवर गोचिडी माजल्याची खबर पशुवैद्यकाकडून प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचली, तर तिथला डॉक्टर पुढच्या तापाकडे वेगळ्या नजरेने पाहील. यासाठी नवे खाते नको, एक फोन पुरे.

सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्याने माकडतापाच्या निमित्ताने गोचिडीची दहशत अनुभवली आहे. तो आजार विषाणूचा, त्याची गोचीड जंगलातली. तिथे काजूच्या बागांत जाणाऱ्यांना गोचिडीविषयी जे सांगितले गेले, ते गावोगावच्या अंगणांपर्यंत पोहोचलेले नाही. विदर्भात 2018 मध्ये गाजलेला स्क्रब टायफस हाही या तापाचा नातेवाईक, पण तो गवतातल्या सूक्ष्म किड्याच्या अळीतून येतो. त्यालाही औषध डॉक्सिसायक्लिनच.

अंगणातली गोचीड आटोक्यात येते, हे अमेरिकेतल्या ॲरिझोनाने दाखवले आहे. तिथल्या आदिवासी वस्त्यांत याच तपकिरी गोचिडीने मुले दगावू लागली, तेव्हा 2012 मध्ये एका वस्तीतल्या सुमारे 500 घरांत सगळ्या कुत्र्यांना दीर्घकाळ टिकणारे औषधी पट्टे घातले गेले आणि अंगणांत फवारणी झाली. चार महिन्यांनी तिथल्या एक टक्क्याहूनही कमी कुत्र्यांवर गोचीड दिसली. मोहिमेबाहेरच्या कुत्र्यांत ते प्रमाण 64 टक्के होते. कुत्रा आणि घर दोन्हीकडे एकाच वेळी काम झाले, शेजारचे घर सुटले नाही, म्हणून हे साधले. महाराष्ट्रात भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी आणि रेबीजच्या लसीसाठी कुत्री पकडली जातातच. त्याच वेळी गोचिडीचे औषध देणे पालिकांना आणि ग्रामपंचायतींना जड जाऊ नये. घराच्या पातळीवर भेगा सिमेंटने बुजवणे, कुत्र्याची जागा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने फवारणे आणि आठ-पंधरा दिवसांनी फवारणी पुन्हा करणे लागते, कारण अंडी पहिल्या फवारणीतून वाचतात.

अंगाला चिकटलेली गोचीड काडी पेटवून किंवा रॉकेल ओतून काढू नये, नखाने चिरडूही नये. चिरडलेल्या गोचिडीतला द्रव बोटावरच्या ओरखड्यातून शरीरात जाऊ शकतो. बारीक चिमट्याने ती कातडीच्या अगदी लगत धरावी, सरळ वर ओढावी आणि जागा व हात साबणाने धुवावेत. त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी ती तारीख सांगावी.