दंडावर सुटका नाही



‘नकली औषधवाले दंड भरून सुटतात’ हे एका पत्रलेखकाचे म्हणणे चूक आहे. २००८ च्या दुरुस्तीनंतर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ नुसार बनावट औषध विकल्यास किमान ७ वर्षे कैद (खास कारण नोंदवूनच ३), जिवावर बेतणारे असल्यास १० वर्षे ते जन्मठेप. दंड त्याखेरीज. ‘घाऊकवाल्याने दिले’ एवढ्याने दुकानदारही सुटत नाही. परवानाधारकाकडून खरेदी, नीट साठवण आणि पुरेशी खबरदारी त्यानेच सिद्ध करायची असते.

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातील ‘अँटिबायोटिक’ गोळ्यांत स्टार्च निघाला, तो कायदा नव्हता म्हणून? नमुना वेळेत तपासला जात नाही, हे दुखणे. आमच्या नातेपुत्यातही पालखीच्या मुक्कामाला बॅच नंबर नसलेल्या चिठोऱ्यावर गोळ्या खपतात. अन्न व औषध प्रशासनाने नमुने तेव्हा घ्यावेत.

– एक वाचक, नातेपुते (ता. माळशिरस)