पानिपतची थंडी आणि जेट इंजिन



यंदा १४ जानेवारीला सकाळी आम्ही पानिपतजवळ काला अंब येथील स्मारकापुढे उभे होतो. दाट धुके होते. दोन-दोन स्वेटर घालूनही मुले कुडकुडत होती. एका छात्राने विचारले, "सर, तेव्हा आपल्या लोकांकडे एवढे कपडे होते का?"

१७६१ साली याच दिवशी मराठे येथे लढले. शौर्य कमी नव्हते. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना उत्तम होता. पण रसद तुटलेली, माणसे आणि घोडी उपाशी, त्यात उत्तरेचा हिवाळा. मी हवाई दलात इंजिनांच्या देखभालीचे काम केले. त्यामुळे त्या प्रश्नावर मला इंजिनच आठवले. घरच्या हवेत चालणारी गोष्ट परक्या हवेत चालेल, असे गृहीत धरू नये.

जमिनीपासून अकरा किलोमीटरवर तापमान सुमारे उणे ५६ अंश असते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चौथाईहूनही कमी. ही हवा जमिनीवर तयार करण्यासाठी खास चाचणीगृह लागते. बंद दालनात इंजिन बसवून पुढून हवी तेवढी थंड, विरळ हवा द्यायची. ती आधी कोरडी करावी लागते, नाहीतर नळ्यांतच बर्फ धरतो. मागून निघणारे तप्त वायू थंड करून प्रचंड पंपांनी सतत ओढून घ्यायचे. मध्यम आकाराचे लढाऊ इंजिनही सेकंदाला सत्तरएक किलो हवा गिळते. यावरून या यंत्रणेचा आकार आणि विजेचा खर्च ध्यानात यावा.

आपले कावेरी इंजिन बेंगळुरूत घडले. पण २०१० मध्ये उंचीवरच्या चाचण्यांसाठी ते रशियाला न्यावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने म्युनिकमधील बीएमडब्ल्यूचे असे चाचणीगृह सुटे करून टेनेसी राज्यात नेले, ते उगीच नव्हे.

काहीजण म्हणतात, एवढा खर्च कशाला, परदेशात भाड्याने चाचणी होतेच की. होते, पण तारीख त्यांच्या सवडीने मिळते. दोष सापडला, की इंजिन घरी आणून दुरुस्त करायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. यात वर्षे जातात. शिवाय लेहची विरळ हवा, राजस्थानची धूळ आणि उन्हाळा, कोकण किनाऱ्याची खारी हवा या आपल्या गरजा आहेत. त्यांच्यासाठी चाचणीगृहाचा आराखडाही आपणच करायला हवा. माझ्या मते पुढचे इंजिन कागदावर असतानाच हे काम सुरू व्हावे.

"मुलगा वैमानिक होणार," असे पालक मला अभिमानाने सांगतात. "मुलगी इंजिनांच्या चाचण्या घेणार," असे अजून कोणी सांगितलेले नाही. पुढच्या पालकसभेत ते ऐकायला मला फार आवडेल.