बाहुल्यांची सूत्रे कोणाच्या हाती?

एप्रिल २०२५ मध्ये कांगोच्या किन्शासा नगरीतून प्राण्यांचा एक कळप निघाला. प्राणी पूर्णाकृती, पण पुठ्ठ्याचे आणि प्लायवूडचे, चालविणारी माणसे. तापत्या पृथ्वीवर जीव वाचविण्यासाठी उत्तरेकडे धावणाऱ्या प्राण्यांची ही कथा शहराशहरांच्या रस्त्यांवर सादर होत, सुमारे २०,००० किलोमीटर चालून ऑगस्टमध्ये उत्तर ध्रुववृत्तापर्यंत गेली. या बाहुल्यांची मूळ घडण दक्षिण आफ्रिकेतील 'उक्वांडा' या तरुण कलावंतांच्या समूहाची. वाटेवरच्या शहरांतील स्थानिक माणसेही त्या चालवायला शिकली.

सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्याने या वार्तेकडे केवळ कौतुकाने पाहावे काय? जनावरांचे हे स्थलांतर आपल्याला नवे नाही. दुष्काळ पडला की माण-खटाव, आटपाडी, जतची गुरे दावणी सोडून चारा छावण्यांत जातात; धनगरांची मेंढरे तर दरसाल वाट तुडवितात. २०१९ च्या उन्हाळ्यात आपण छावण्या पाहिल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली कृष्णेच्या पुरात बुडाली. एवढी मोठी कथा दारात घडत असता ती सांगणारे मात्र कोणी उभे राहिले नाही. सरकारी अहवाल निघाले. पण अहवाल गावच्या चावडीवर बोलत नाहीत.

साधने नव्हती, असे म्हणता येत नाही. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. दीर्घकाळ पडून राहिलेल्या त्या बाहुल्यांची डागडुजी करून रामदास पाध्ये यांनी त्या पुन्हा खेळविल्या. १८५१ मध्ये आप्पासाहेब पटवर्धन वारल्यावर भाव्यांचा राजाश्रय संपला. तेव्हा ते मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईच्या प्रेक्षकांसमोर उभे राहिले. राजाश्रय गेल्यावर कला तरली ती लोकाश्रयावर. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. तेथील परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच कलासंग्रहालय उभारले; २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच, परंतु सन्मानाने एका कलावंताचा गौरव होतो, कलेला रोजचे प्रेक्षक आणि रोजची भाकरी त्यातून आपोआप मिळत नाही.

भ्रमणध्वनीच्या युगात बाहुल्या पाहणार कोण, असा आक्षेप येईल. भ्रमणध्वनीवर प्रत्येकजण एकटा पाहतो. बाहुलीसमोर गाव एकत्र बसते, हसते आणि खेळ संपल्यावर वाद घालते. शिवाय सरपंचाला वा कारखान्याच्या अध्यक्षाला जे तोंडावर सांगण्यास माणूस कचरतो, ते लाकडाची बाहुली बिनदिक्कत बोलून जाते. याच जिल्ह्यात सत्यशोधक जलशांनी भटशाहीला प्रश्न विचारले आणि वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ मध्ये अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढून कामगारांची दुःखे मंचावर आणली. ही परंपरा आपण जयंतीच्या भाषणांपुरती ठेवली, हा दोष आपलाच आहे.

म्हणून सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यात पाच-सात तरुण-तरुणींनी एकत्र यावे. पिंगुळीच्या कलावंतांकडून रीतसर मोबदला देऊन कला शिकावी. पाणीवाटप, पूर आणि छावणी यांच्या कथा रचून त्या गावोगाव न्याव्यात. पथकाची मालकी पथकाचीच असावी आणि खेळणाऱ्याला त्याची मजुरी मिळावी. फुकटच्या कलेवर चळवळ पोसणे हेही एक शोषणच आहे. सूत्रे कलावंतांच्या हाती राहिली, तरच बाहुली खरे बोलेल.