पहिला पोपट कोणता घ्यावा ?

परीक्षा संपून सुटी लागली कीं, घरांतील मुलांना पोपट पाळण्याची हौस सुटते. आजोबांना त्यांत वावगें कांहीं वाटत नाहीं, कारण त्यांच्या लहानपणीं ओटीवर पिंजरा टांगलेला असे. काकांना तो हट्ट स्वस्तांतला वाटतो. आणि रविवारच्या बाजारांतून पिंजऱ्यासह पांखरूं घरीं येतें. निवड अशी घटकाभरांत होते, परंतु तिचें फळ घराला, आणि त्याहून अधिक त्या जिवाला, पुढें कित्येक वर्षें भोगावें लागतें. म्हणून ज्या कुटुंबांत पोपट प्रथमच यावयाचा आहे, त्यांच्याकरितां चार गोष्टी या महिन्यांत सांगाव्या, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम, जो घ्यावयाचा नाहीं त्याविषयीं. पोपट म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो तांबड्या चोंचीचा, गळ्याशीं कंठ असलेला हिरवा राघू. हा राघू, खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी पोपट आणि जांभळट डोक्याचा लहान पोपट हे सर्व आपल्या देशांतील वन्य पक्षी होत. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याअन्वयें त्यांना पकडणें, विकणें अथवा घरांत बाळगणें हा गुन्हा आहे. 'हा पाळीव पैदाशीचा आहे हो' असें विकणारा सांगेल. त्यावर जाऊं नये.

कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी हीं पिलें येतात कोठून, याचा विचार करावा. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तीं झाडांच्या ढोलींत वाढतात, आणि तेथूनच ओढून काढलीं जातात. बाणभट्टानें सातव्या शतकांत 'कादंबरी' रचली. तींतील वैशंपायन नांवाचा पोपट आपली हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगतो. विंध्यारण्यांतील एका प्रचंड शाल्मली वृक्षावर म्हातारा शबर चढतो, ढोलींतून पोपट ओढून मारतो व खालीं टाकतो. वैशंपायनाचा वृद्ध पिता पिलाला पंखाखालीं घेतो व त्यांतच प्राणास मुकतो. पिलूं वाळलेल्या पानांच्या राशीवर पडतें, म्हणून तेवढें वांचतें. हा भाग ज्यानें एकदां वाचला आहे, त्याला बाजारांतल्या टोपलींत एकमेकांवर रचलेलीं पिलें पाहून तो आठवल्यावांचून राहणार नाहीं. शबर मांसासाठीं चढला होता, आजचा चढतो तो पैशासाठीं. पिलाच्या दृष्टीनें अंतर फारसें नाहीं. कोणी म्हणेल कीं, कामसूत्रांतील चौसष्ट कलांत शुकसारिकांना बोलावयास शिकविणें ही एक कलाच गणली आहे. आहे खरी. पण पूर्वजांच्या सर्वच चाली पुढें चालविल्या पाहिजेत, असें आपण इतर बाबतींत तरी कोठें मानतों ?

मग घ्यावा कोणता ? पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यांतच पैदास होत आलेल्या परदेशी जातींपैकीं लहान अशा तीन जाती आपल्याकडे सहज मिळतात : बजरीगर, कॉकॅटील आणि लव्हबर्ड. येथें नांवांचा एक घोटाळा आहे. आपल्याकडील पुष्कळ दुकानांत बजरीगरालाच 'लव्हबर्ड' म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेंतला. आंखूड शेपटीचा, चोंचीनें बळकट आणि स्वभावानें तापट. हाताळण्याची संवय नसलेल्या मुलांना तो कडकडून चावतो. शिवाय त्याच्या कांहीं जातींची सरकारदरबारीं नोंद करावी लागते. पहिल्यानेंच पाळणाऱ्यानें त्याच्या वाटेस न जावें हें बरें. कॉकॅटील ऑस्ट्रेलियांतला, डोक्यावर तुरा असलेला, सौम्य आणि शीळ घालण्यांत तरबेज. मात्र तो पंधरा-वीस वर्षें जगतो, आणि त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सारखी झडत असते. घरांत कोणास दमा असेल, तर तो आणूं नये.

उरला बजरीगर. याच्या नांवाचा आपल्या बाजरीशीं संबंध नाहीं. तें ऑस्ट्रेलियांतील आदिवासींच्या भाषेंतून आलें आहे. तेथील कोरड्या माळरानांत हे पक्षी थव्यांनीं राहतात. १८४० सालीं जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें ते इंग्लंडांत नेले, आणि तेव्हांपासून माणसाच्या घरांत त्यांची पैदास होत आली. मूळचा रंग हिरवा; निळा, पिवळा, पांढरा हे रंग मागाहून पैदाशीनें आलेले. वजन तीस-चाळीस ग्रॅम, आयुष्य सामान्यतः पांच ते दहा वर्षें. बोलण्याविषयीं म्हणाल, तर कॅलिफोर्नियांतील 'पक्' नांवाच्या बजरीगराच्या नांवावर १,७२८ शब्दांची नोंद गिनेसच्या ग्रंथांत आहे. तथापि तुमचा पोपट 'विठू विठू' म्हणेलच, अशी हमी कोणी देऊं नये. पहिल्या पोपटासाठीं आमची शिफारस याचीच.

विकत घेतांना शक्यतों पैदास करणाऱ्याच्या घरीं जावें. दुपारीं पांखरें डुलक्या घेतात, म्हणून सकाळीं किंवा सायंकाळीं जावें आणि पाव तास नुसतें दूर उभें राहून पाहावें. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालचीं पिसें मळलेलीं नाहींत आणि पांखरूं चपळ आहे, तर तें निरोगी समजावें. पिसें फुलवून कोपऱ्यांत बसलेलें, श्वासाबरोबर शेपटी हलविणारें पांखरूं कितीहि दया आली तरी घेऊं नये. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवितात. तो दिसूं लागला म्हणजे बहुधा फार पुढें गेलेला असतो. कपाळावरील रेघा थेट चोंचीपर्यंत आलेल्या असतील, तर पिलूं चार महिन्यांच्या आंतलें, आणि तेंच लवकर माणसाळतें. प्रौढ नराच्या नाकपुड्यांभोंवतींची पट्टी बहुतेक रंगांत निळी असते, मादीची तपकिरी. एकटा पक्षी झुरतो, म्हणून दोन घ्यावे. अंड्यापिल्लांचा व्याप नको असेल, तर दोन्ही नर घ्यावे.

पिंजरा उंच व गोल नसावा. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, आणि गजांतील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नको. बसावयास पेरूच्या कमीअधिक जाड फांद्या द्याव्या. पिंजरा स्वयंपाकघरांत ठेवूं नये. न चिकटणारा तवा अति तापला, तर त्याच्या वाफेनें पांखरूं कांहीं मिनिटांत मरतें. उदबत्ती, धूप, डांस घालविण्याची अगरबत्ती यांचा धूरहि बाधतो, तेव्हां देवघराजवळची जागा नको. पांखरूं मोकळें सोडण्यापूर्वीं छताचा पंखा बंद केलाच पाहिजे. राळे व बाजरी यांवरच भागवूं नये. कोथिंबीर, पालक, गाजर रोज थोडें द्यावें आणि चुन्यासाठीं समुद्रफेण टांगावा. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाहीं; चहा, चॉकलेट व तळलेलें मात्र विषासमान. एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी : बजरीगर दाणा सोलून खातो व टरफलें वाटींतच टाकतो. वाटी भरलेली दिसते आणि पांखरूं उपाशी मरतें. म्हणून रोज सकाळीं वरचीं टरफलें फुंकून टाकावीं.

ही फुंकर रोज कोण घालणार ? आमच्या मतें निवडीचा खरा प्रश्न हाच होय. हट्ट धरतो दहा वर्षांचा नातू. तो विसाव्या वर्षीं शिक्षणाकरितां परगांवीं जातो, आणि पिंजरा साफ करणें, पाणी बदलणें हें काम न बोलतां धाकट्या सुनेच्या किंवा आजीच्या गळ्यांत पडतें. त्यांना आरंभीं कोणी विचारलेलें नसतें. एकत्र कुटुंबांत 'सर्वांचें काम' म्हणजे बहुधा एकीचें काम, हें आपण सर्वच जाणतों. म्हणून पांखरूं आणण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें, ज्याच्या हातून काम होणार त्याचें मत प्रथम घ्यावें, आणि तें मत 'नको' असें असल्यास वडीलधाऱ्यांनींहि तें मानावें. मुलाला कंटाळा आल्यावर 'सोडून देऊं, पुण्य लागेल' हा विचार तर सोडूनच द्यावा. पिंजऱ्यांत जन्मलेला बजरीगर आपल्या रानांत फार दिवस जगत नाहीं.

आणि घरानें 'नको' म्हटलें, तरी मुलांनीं हिरमुसण्याचें कारण नाहीं. पेरू पिकूं लागला कीं, हिरवे राघू आपण होऊन झाडावर येतात. वरच्या फांदीवरचीं चार फळें त्यांच्यासाठीं राखावीं आणि मुलांना खिडकीशीं उभें करावें. त्या पोपटांना नांव ठेवतां येत नाहीं, शिकवितां येत नाहीं. पण ते पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.