एक नगर, दोन राजे

संगणकावरील रणनीतीचे खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. आम्हांस ते सर्वस्वी मान्य नाही. २००५ साली निघालेल्या 'सिव्हिलायझेशन ४' या खेळात पायथन भाषेतून वापरावयाच्या तयार आज्ञांची एक लायब्ररी आहे. तिच्या साहाय्याने खेळाडूस खेळाचे कित्येक नियम स्वतः बदलता येतात. मग त्या खेळात आपले देवास का नसावे?

परंतु अडचण येथेच उभी राहते. नगराचा स्वामी कोण, असे लायब्ररीस विचारले, तर ती एकच नाव सांगते. देवासला तर तुकोजीराव व जिवाजीराव पवार या बंधूंपासून थोरली व धाकटी अशा दोन पात्या १९४८ पर्यंत एकाच नगरात नांदल्या! एकीस वगळणे सोपे. पण तो इतिहासाशी अप्रामाणिकपणा होय. आमच्या मते, प्रत्येक फेरीअखेर नगराचे अर्धे उत्पन्न दुसऱ्या राजाच्या खजिन्यात जाईल, अशी आज्ञा आपणच लिहावी.

मात्र खेळाच्या नेहमीच्या नियमाने नगराविना राजा बाद होतो. तेव्हा धाकट्या पातीच्या नावे एखादे गाव ठेवावेच लागेल. आम्ही आमचे पीपलरावां ठेवू. आणि ही आमची सोय आहे, इतिहास नव्हे, असे खेळाच्या आरंभीच स्पष्ट लिहू.