रोजचा उतारा आणि रोजची हुज्जत



गाळप हंगाम सुरू झाला की पारावर, टपरीवर आणि हल्ली मोबाईलवरसुद्धा एकच विचारणा असते, "आज उतारा काय पडला?" उतारा थोडा वर गेला तर सगळे छान. खाली आला की मुकादमाने कोवळा ऊस तोडला, गव्हाणीत पाचट गेलं, प्रयोगशाळेत लक्ष नाही, अशी एकावर एक कारणे बाहेर पडतात. कुणालातरी बोलणी बसतात. दुसऱ्या दिवशी उतारा आपला आपणच सावरतो, आणि आपण बोललो म्हणूनच तो सावरला असे बोलणाऱ्याला मनापासून वाटते.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, या रोजच्या हुज्जतीने उतारा कधी वाढत नाही, उलट कमी होण्याचीच भीती जास्त. आणि उतारा ही काही लहान बाब नव्हे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरविला आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा धरले. म्हणजे १०० टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या पदरात ०.१ टक्क्याला ३,४६० रुपये पडतात. दिवसाला ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात तेवढाच फरक ५० किलोच्या १०० पोत्यांचा होतो. म्हणून हा आकडा वाचायचा कसा, हे आपण सर्वांनी एकदा नीट समजून घ्यायला हवे.

आकडा हलतोच

एकाच बेटातले दोन ऊस हँड रिफ्रॅक्टोमीटरने तपासा, ब्रिक्स सारखा येणार नाही. एकाच उसात बुडख्याकडे जास्त आणि शेंड्याकडे कमी येतो. मग कारखान्यात तर आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा, काळी आणि मुरमाड, भरपूर पाण्याचा आणि ताण बसलेला असा नाना तऱ्हेचा ऊस एका गव्हाणीत पडतो. त्यातच रोजचा उतारा काढताना पोत्यांत भरलेल्या साखरेबरोबर पॅनमध्ये आणि टाक्यांत अडकलेल्या मालाचा अंदाज धरावा लागतो. अंदाज थोडा इकडेतिकडे झाला की आकडाही तसाच हलतो. यात ना कुणाची चोरी, ना कुणाची हयगय.

हे हलणे नेहमीच्या कारणांचे. पण कधी कधी खास कारणही घडते. मिलचा रोलर सरकतो, बगॅसवर टाकायच्या पाण्याचे प्रमाण बिघडते, पावसाने रस्ता बंद होऊन तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडतो. नेहमीचे हलणे कोणते आणि खास कारणाचे कोणते, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

अडचण जुनी, उपायही जुना

ही अडचण साखर कारखान्यांच्याच वाट्याला आलेली नाही. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक ही टेलिफोनचे सामान करणारी कंपनी होती. एकाच यंत्रावरचे सुटे भाग कधी चांगले तर कधी वाईट का निघतात, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. तिथल्या वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले आणि त्यात एक आलेख काढून दाखविला. मधली रेषा सरासरीची, वर एक आणि खाली एक मर्यादेची रेषा. ठिपके या दोन रेषांमध्ये हलत असतील तर यंत्राला हात लावू नका. ठिपका बाहेर पडला तर त्याच दिवशी, त्याच जागी कारण शोधा. सारे शास्त्र एवढेच. त्याला संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण असे भारदस्त नाव आहे.

भारताला हे नवे नाही. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली, आणि १९४७-४८ च्या सुमारास खुद्द शूहार्ट आपल्या देशात येऊन गेले. एडवर्ड्स डेमिंग यांनी हीच विद्या १९५० साली जपानच्या कारखानदारांना शिकविली आणि जपानने ती अंगी बाणवली. म्हणजे विद्या आपल्या दारी आधी येऊन गेली होती!

वहीच्या पानावर जमणारे गणित

हे गणित अवघड आहे, शिकलेल्यांनीच करावे, असा समज करून घेऊ नका. उसाच्या तोडीपासून गाळपापर्यंत किती तास जातात, हा आमच्या शेतकी खात्याच्या जिव्हाळ्याचा आकडा. ऊस तुटला की त्यातली साखर मोडू लागते, तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, जंतू शिरतात आणि वजनही घटते. म्हणून २४ तासांच्या आत गाळप व्हावे, असे आम्ही सतत सांगत असतो.

समजा, एका गटाचे असे रोजचे सरासरी तास २५ दिवस लिहून ठेवले आणि त्यांची सरासरी २० आली. आता कालचा आणि आजचा, आजचा आणि उद्याचा, असे लगतच्या दोन दिवसांतले फरक काढा. त्या फरकांची सरासरी समजा ३ तास आली. तिला २.६६ ने गुणा, सुमारे ८ येतात. २० मध्ये ८ मिळवा आणि २० मधून ८ वजा करा. वरची रेषा २८, खालची १२. झाला आलेख तयार.

आता एखाद्या दिवशी २६ तास लागले. २४ च्या वर गेले म्हणून मुकादमाला झापायचे काय? मुळीच नाही. २६ हा आकडा रेषांच्या आत आहे. आपली व्यवस्थाच अशी आहे की अधूनमधून २६ तास लागणारच. मुकादम बदला, स्लिपबॉय बदला, तरीही लागणार. तो आकडा खाली आणायचा असेल तर टोळ्या आणि वाहने यांचा मेळ, यार्डातली रांग आणि काट्यावरचा खोळंबा सुधारला पाहिजे. हे काम संचालक मंडळाचे, व्यवस्थापनाचे आणि आम्हा अधिकाऱ्यांचे आहे, कोयता चालवणाऱ्याचे नव्हे. मात्र एखाद्या दिवशी ३४ तास लागले, तर त्याच संध्याकाळी त्या फडावर जाऊन काय घडले ते विचारायलाच हवे. महिन्याने विचारून उपयोग नाही. तसेच, सलग आठ दिवस ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर रेषेच्या आत असले तरी काहीतरी बदलले आहे, असे समजावे.

आणखी एक लक्षात ठेवा. ठिपके रेषांच्या आत राहिले म्हणजे सगळे आलबेल असे नव्हे. एखाद्या गटाची सरासरीच ३६ तास असेल तर आलेख शांत दिसेल आणि साखर मात्र रोज मुकाट्याने जाईल.

रोज हात लावण्याची खोड

साखरेची पोती भरताना ५० किलोला काटा लावलेला असतो. एक पोते ५० ग्रॅम जास्त भरले म्हणून कामगाराने काटा तेवढाच खाली केला, पुढचे कमी भरले म्हणून पुन्हा वर केला, असे प्रत्येक पोत्यामागे चालविले तर पोती सारखी होतील असे वाटते. प्रत्यक्षात वजनांतली तफावत वाढून हात न लावता राहिली असती त्याच्या सुमारे १.४ पट होते. मेहनत केली आणि काम बिघडवले!

उसाच्या बाबतीत आपण हेच करतो, हे आम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे. एका दिवसाचा उतारा घसरला की "त्या गटाची तोड थांबवा, टोळ्या आमच्याकडे वळवा" असा आग्रह सुरू होतो. टोळ्या बिऱ्हाडासह हलतात, अर्धवट तोडलेला फड तसाच राहतो, मोळ्या वाळत पडतात, गाड्यांच्या खेपा लांबतात. पक्व उसाची पाळी मागे जाते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा कोवळा ऊस गव्हाणीत येतो. मग पुढच्या आठवड्याचा उतारा कशाने पडला, याची पुन्हा हुज्जत. लवकर तोड मिळावी म्हणून ऊस पेटवून देण्याचा प्रकारही याच घाईतला. जळका ऊस लवकर खराब होतो आणि भुर्दंड सर्वांच्या उताऱ्यावर बसतो.

काही सभासद म्हणतील, "मग उतारा विचारायचाच नाही का?" जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण उतारा हंगामाबरोबर चढतो आणि उतरतो. सुरुवातीला कमी, थंडीत चढता, उन्हाळ्यात पुन्हा कमी. त्यामुळे त्याला एक सरळ सरासरीची रेषा लावून चालत नाही. म्हणून सुरुवात तोड ते गाळप यातले तास, बगॅसमध्ये राहणारी साखर आणि पोत्याचे वजन अशा, हंगामाची चढउतार फारशी न लागणाऱ्या आकड्यांपासून करावी.

आमच्या सूचना

पहिली, तोडणीच्या पावतीवर तारखेबरोबर तोडीची वेळही लिहावी. वेळच नसेल तर तास कशाचे मोजणार? दुसरी, प्रत्येक गट ऑफिसात तासांचा आलेख भिंतीवर लावावा आणि तो तिथल्याच कर्मचाऱ्याने रोज हाताने भरावा. कारखान्यात बगॅसचा आलेख मिलवरच्या पाळीने भरावा. ज्याच्या हातात काम, त्याच्याच हातात पेन्सिल. तिसरी, रेषेबाहेरचा ठिपका दिसला की कारण शोधून त्याच्याखाली एक ओळ लिहावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, या आलेखावरून कुणालाही दंड करू नये. आकड्याने शिक्षा होते असे एकदा कळले की माणसे काम सुधारण्याऐवजी आकडा सुधारतात, आणि खोट्या आकड्यापेक्षा आकडा नसलेला परवडला.

सभासदांनी वार्षिक सभेत "अमुक दिवशी उतारा का पडला?" असे विचारण्यापेक्षा "हंगामात किती ठिपके रेषेबाहेर गेले, काय कारणे सापडली आणि मधली रेषा खाली आणायला तुम्ही काय केले?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सबब सांगून सुटता येते, दुसऱ्याला काम दाखवावे लागते. असा प्रश्न आम्हा अधिकाऱ्यांना जड जाईल, तरी तो विचारलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.

तोपर्यंत एवढे करा. आपला फड तुटायला लागला की पहिली मोळी कोणत्या वेळी पडली आणि गाडी काट्यावर कधी चढली, हे घरच्या वहीत लिहून ठेवा. मुलगा-मुलगी शाळेत शिकत असेल तर सरासरी त्यांच्याकडून काढून घ्या. पुढच्या हंगामात ही वही घेऊन गट ऑफिसात या. आपण समोरासमोर बसून आलेख काढू.

— ऊस विकास अधिकारी