नागरिकत्वाची प्रश्नपत्रिका

पाटण्याचा शेख दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत वाढला. जेन डेली नावाच्या मुलीबरोबर पळून जाऊन त्याने १७८६ मध्ये आयर्लंडात लग्न केले, पुढे १८१० साली लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर भारतीय जेवणाचे हॉटेल काढले आणि इंग्रजांना चंपीची गोडी लावली. मोठा रंगेल आणि उद्योगी गृहस्थ. त्याची ही हकीकत ‘लाइफ इन द युनायटेड किंगडम’ या सरकारी पुस्तिकेत छापलेली आहे. ब्रिटिश नागरिकत्व मागणाऱ्या सीरियन सुताराला किंवा सुदानी परिचारिकेला याच पुस्तिकेवर परीक्षा द्यावी लागते. ४५ मिनिटे, २४ प्रश्न, त्यांतले १८ बरोबर यायला हवेत आणि प्रत्येक खेपेची फी ५० पौंड.

या पुस्तिकेची २०१३ ची आवृत्ती काढताना तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्क हार्पर यांनी अभिमानाने सांगितले होते, की पाण्याचे मीटर, रेल्वेची वेळापत्रके असला किरकोळ मजकूर आता काढून टाकला आहे. डरहॅम विद्यापीठातले प्राध्यापक थॉम ब्रुक्स स्वतः अमेरिकेतून आलेले आणि ही परीक्षा पास होऊन ब्रिटिश झालेले. त्यांनी त्याच वर्षी अहवाल लिहून सरकारचे वाभाडे काढले. अँब्युलन्स कशी बोलवावी, डॉक्टरकडे नाव कसे नोंदवावे, गुन्ह्याची तक्रार कुठे करावी हे पुस्तिकेतून गेले होते. ‘लंडन आय’ या पाळण्याची उंची मात्र शाबूत होती.

एवढ्यावरून परीक्षेची टिंगल करून मोकळे होणे सोपे आहे. पण परीक्षेच्या बाजूने बोलणारे सगळेच काही परकीयद्वेष्टे नसतात, आणि त्यांचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय खोडणे हा लबाडीचा वाद ठरेल. पूर्वपक्ष असा: नागरिकत्व म्हणजे नुसता राहण्याचा परवाना नव्हे. त्यात मत देण्याचा अधिकार येतो, म्हणजे इतरांवर लागू होणारे कायदे ठरवण्यात वाटा येतो. ज्याला तो वाटा हवा त्याने त्या देशाची भाषा, राज्यपद्धती आणि मूल्ये जाणून घ्यावीत ही अपेक्षा अवाजवी नाही. शिवाय पूर्वी नागरिकत्व वंशावर आणि वर्णावर ठरे. त्यापेक्षा सर्वांना सारखी प्रश्नपत्रिका देणे कितीतरी न्याय्य. आणि शेवटचा, सर्वांत वजनदार मुद्दा: परीक्षेच्या धाकाने का होईना, घरात कोंडलेली बाई भाषा शिकायला बाहेर पडते.

सारख्या प्रश्नपत्रिकेच्या न्यायाचा इतिहास मात्र फारसा सुंदर नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये कायदा केला, की आत येऊ पाहणाऱ्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा. कायद्यात ‘भारतीय’ हा शब्द कुठेच नव्हता, पण रोख भारतीय व्यापाऱ्यांवर होता हे डर्बनमध्ये राहणाऱ्या गांधींसह कोणापासूनच लपलेले नव्हते. ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी हीच युक्ती इतर वसाहतींना सुचवली, कारण वर्णाचे नाव न घेता वर्णभेद साधत होता. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये ती उचलली. अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेतला ५० शब्दांचा उतारा ऐकून लिहायचा. १९०९ नंतर ही परीक्षा एकही माणूस पास झाला नाही. १९३४ मध्ये एगॉन किश हा प्रागचा फॅसिझमविरोधी पत्रकार नको असताना येऊन ठेपला. त्याला बऱ्याच युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला उतारा घातला! अखेर तिथल्या उच्च न्यायालयाने, ती भाषा कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषाच नव्हे, असे ठरवून त्याची सुटका केली. श्रुतलेखनाची ही पद्धत १९५८ पर्यंत टिकली.

ती परीक्षा प्रवेशाची होती, नागरिकत्वाची नव्हे, आणि आजच्या परीक्षा तितक्या निलाजऱ्या नाहीत, हे मान्य. जर्मनीत ३१० प्रश्नांचा संच आधीच जाहीर असतो; त्यांतले ३३ येतात आणि १७ बरोबर आले की झाले. पण मग त्या मोजतात काय? अमेरिकेत २०१८ साली वुड्रो विल्सन फाउंडेशनने तिथल्या नागरिकत्व परीक्षेतले प्रश्न सामान्य अमेरिकनांना घातले, तेव्हा तिघांतला जेमतेम एक पास झाला. उलट प्रत्यक्ष अर्जदारांत दहांतले नऊहून अधिक पास होतात. याचा अर्थ स्थलांतरित जास्त देशभक्त आहेत असा नाही. त्यांनी पाठांतर केलेले असते, एवढाच.

परीक्षावादी यावर म्हणतात, की नऊजण पास होतात तर तक्रार कशाची? तक्रार त्या दहाव्याची आहे. इंजिनिअर, डॉक्टर, सॉफ्टवेअरवाला चार संध्याकाळ बसतो आणि पास होतो. पुणेकर घरांतून अमेरिकेत गेलेली पिढी याची साक्षीदार आहे. अडतो तो लढाईतून पळून आलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला, छावणीत वर्षे काढलेला माणूस. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये नवी नागरिकत्व परीक्षा सुरू केली, तेव्हा तिच्या पुस्तिकेत क्रिकेटपटू डॉन ब्रॅडमन होता. पुढच्याच वर्षी माजी मुत्सद्दी रिचर्ड वूलकॉट यांच्या समितीने तिचा आढावा घेतला. निर्वासित म्हणून आलेल्यांचे नापास होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते, आणि ही परीक्षा काही गटांना धाक घालणारी व भेदभाव करणारी ठरते, असे समितीने बजावले.

मूल्यांचा मुद्दा तर परीक्षेच्या हाताबाहेरचाच. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने २००६ मध्ये मुख्यतः मुस्लिम देशांतून आलेल्यांसाठी प्रश्नावली काढली. तुमचा मुलगा समलिंगी निघाला तर काय कराल, अशा धाटणीचे त्यात प्रश्न होते. खोटे बोलणारा यात सुखाने पास होतो. अडचणीत येतो तो प्रामाणिक, गोंधळलेला बाप. शिवाय हाच प्रश्न श्वार्झवाल्डमधल्या एखाद्या सनातनी जर्मन शेतकऱ्याला कोणी घालत नव्हते. ती प्रश्नावली २०११ मध्ये गुंडाळली गेली. ऑस्ट्रेलियाने मात्र २०२० पासून मूल्यांवरचे पाच प्रश्न घातले आणि पाचही बरोबर हवेत अशी अट ठेवली. दिलेल्या पर्यायांतून ‘स्त्री-पुरुष समान’ यावर खूण करणारा नवरा घरी जाऊन काय करतो, हे उत्तरपत्रिकेवरून कळायचे कसे?

राहिली घरात कोंडलेली बाई. तिला भाषा आलीच पाहिजे, यात दुमत नाही. पण ती भाषा शिकते वर्गात. परीक्षेत फक्त तिचे मोजमाप होते. वर्ग मोफत असेल, जवळ असेल, तान्ह्या मुलाला सांभाळायला तिथे कोणी असेल, तर ती येईल. नापास झाली म्हणून तिचे नागरिकत्व अडले, तर नफा तिला कोंडणाऱ्या नवऱ्याचाच होतो, कारण तिचा मुक्काम त्याच्या कागदांवर टांगलेला राहतो. तिच्या नावाने मांडलेला मुद्दा अखेर तिच्यावरच उलटतो.

मग मंडन कशाचे? भाषा आणि राज्यपद्धती शिकवणे हे यजमान देशाचे कर्तव्य. शिकायला येणे हे नवागताचे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ४ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात जवळपास हीच वाटणी केली. सतराव्या वर्षी नेदरलँड्सला आलेल्या एका इरिट्रियन निर्वासिताला समावेशनाची परीक्षा मुदतीत पास न झाल्याबद्दल ५०० युरो दंड झाला होता आणि शिकवणीसाठी घेतलेले १०,००० युरोंचे कर्जही फेडायला सांगितले होते. न्यायालय म्हणाले, निर्वासितांना शिकायला लावणे आणि परीक्षेला बसवणे चालेल, पण नापास होण्याला सरसकट दंड चालणार नाही. दंड करायचाच तर शिकण्याची सततची, सिद्ध झालेली अनिच्छा असेल तेव्हाच. आणि शिकवणीचा सगळा खर्च निर्वासिताच्या माथी मारता येणार नाही.

अमेरिकेच्या नियमांतही एक शहाणपणाची खिडकी आहे. वय ५० च्या पुढे आणि ग्रीन कार्डावर २० वर्षे झालेली असतील, तर इंग्रजीची अट सुटते आणि राज्यपद्धतीची प्रश्नोत्तरे दुभाष्यामार्फत स्वतःच्या भाषेत देता येतात. न्यू जर्सीतल्या मराठी आजीबाई काँग्रेसची दोन सभागृहे मराठीत सांगू शकतात. मात्र त्याच अमेरिकेने ऑक्टोबर २०२५ पासून तोंडी प्रश्न १० वरून २० केले आणि मूळ संच १०० वरून १२८ वर नेला. त्याने नागरिक अधिक चांगले कसे होतील, ते समजणे कठीण आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले. त्यांना मराठी येत नव्हती आणि शिवाजी महाराजांची जन्मतारीख कोणी विचारली नाही. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने वास्तव्य आणि नोंदणी एवढ्यावर त्यांना नागरिक केले. ते अखंड भारतातलेच होते, परके नव्हते, हा आक्षेप खरा आहे. पण आज उल्हासनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या छावणीतली माणसे रुजली ती धंदा, शाळा आणि मतपेटी यांतून. परदेशी माणसाला नागरिकत्व देताना १९५५ चा नागरिकत्व कायदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान मागतो, आणि त्या यादीत मराठीही आहे. लेखी परीक्षेची अट त्यात नाही.

उद्या कोणी अशी परीक्षा आपल्याकडे आणू म्हटले, तर वाचकाने प्रश्नपत्रिकेत काय असेल याच्या चर्चेत अडकू नये. शिकवणीचे वर्ग कुठे भरणार, त्यासाठी अर्थसंकल्पात किती रक्कम ठेवली आहे आणि नापास झालेल्याचे पुढे काय होणार, हे आधी विचारावे. याची उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या प्रस्तावाला विरोध करावा.